दिव्यांग पार्किंगचा खोटा पास आणि गेलेले 11,000 रुपये

11,000 रुपये गेले. हाती आलं एक लॅमिनेट केलेलं हिरवं कार्ड, त्यावर व्हीलचेअरचं चित्र, आईचा फोटो आणि बनावट शिक्का. घरात कुणी दिव्यांग असेल आणि गाडीसाठी ‘पास’ काढायच्या विचारात असाल तर एजंटाच्या वाऱ्याला उभे राहू नका.

मधुमेहामुळे आईचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मॉलमध्ये, दवाखान्यात लिफ्टजवळची राखीव जागा मागितली की वॉचमन विचारणार, “पास आहे का?” रोज कुणाकुणाशी भांडायचं? आरटीओबाहेर बसणारा एजंट म्हणाला, “ताई, सगळं ऑनलाइन होतं आता. मावशींना कुठेही न्यायला नको.” फॉर्मचे 500 रोख. ‘सरकारी फी’ म्हणून 6,500 यूपीआयने. मग ‘साहेबांच्या सहीचे’ 4,000, तेही रोख.

6,500 पाठवताना स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइलच्या दुकानाचं. सरकारी फी मोबाइलच्या दुकानात कशी जमा होते? मी तिथल्या तिथे विचारलं. “चलन मीच भरतो ना ताई, पावती देतो,” म्हणाला. पावती आली नाही, कार्ड आलं. त्यावर छापलं होतं: अपंगत्व 75 टक्के. कुणी मोजले हे टक्के? आईला एका डॉक्टरनेही तपासलं नव्हतं! तो आकडा वाचला तिथेच सगळं उघडं पडायला हवं होतं, याचाच राग अजून जात नाही. पण मी हावरटपणा केला नव्हता, कुणाच्या जागेवर हक्क सांगत नव्हते. कृत्रिम पाय लावून आईला रांगेत ताटकळत ठेवायचं नव्हतं, एवढ्यासाठीच पैसे मोजले.

दवाखान्यातल्या समाजसेविकेने कार्ड बघताच सांगितलं, खोटं आहे. खरं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अपंगत्व 40 टक्क्यांच्या आत असेल तर पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं आणि 80 पासून पुढे निळं असतं. हिरवं नसतंच. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. फी एक रुपयाही नाही. तपासणीशिवाय टक्के ठरत नाहीत, कुणी कितीही ‘ओळख’ सांगो.

ते कार्ड काचेवर लावलं असतं तर? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 91 सांगतं, फसवून सवलत घेणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पैसेही आमचे जायचे आणि उत्तरही आम्हीच द्यायचं.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे 4,500 रोख दिलेत, माणूस समोर भेटलाय, हे आमचं नाही. परत ठाण्यात आले तर हद्दीचा मुद्दा: एजंट बसतो एका हद्दीत, पैसे पाठवले दुसऱ्या. गुन्हा कुठेही घडो, माहिती नोंदवून घ्यायची हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाच्या कायद्याच्या) कलम 173 मध्ये स्पष्ट आहे. मी ते म्हणून दाखवलं तर उत्तर काय, “मॅडम, कायदा आम्हाला नका शिकवू.” मग कुणाला शिकवायचा? आरटीओतल्या खिडकीवर विचारलं तर, “बाहेरच्या माणसांशी आमचा संबंध नाही.” फाटकाला टेकून रोज धंदा चालतो, रोज तुमच्याच आवारातून फॉर्म उचलतो, आणि संबंध नाही! तो माणूस आजही तिथेच बसतो.

यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, उद्यावर टाकू नका. स्क्रीनशॉट पुसू नका. आधारची झेरॉक्स दिली असेल तर बायोमेट्रिक लॉक करा, माझ्याकडून त्याने दोन्ही बाजू घेतल्यात. पोर्टलवरच्या अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाका, एजंटाचा नको, नाहीतर ओटीपी त्याच्याकडे जातात. आणि रोख दिलेल्या रकमेची तक्रार लेखीच द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.