फ्रीडमबॉक्स: पॅनल झकास, पण बाहेरून घरी पोचायचं कसं?

माळ्यावर जुना लॅपटॉप धूळ खात पडला होता, म्हटलं ह्याचाच घरचा सर्व्हर करू. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि त्यावर फ्रीडमबॉक्स, म्हणजे घरचा सर्व्हर ब्राउझरमधल्या पॅनलवरून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर. रेडिमेड डबा हवा असेल तर बल्गेरियाची ऑलिमेक्स कंपनी विकते, पण तिकडून मागवून कस्टमचे पैसे भरण्यापेक्षा हे बरं, शिवाय लाईट गेली की लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस.

मूळ कल्पना एबेन मोग्लेन ह्या कायद्याच्या अमेरिकन प्रोफेसरांची, २०१० ची. आपले फोटो नि पत्ते कुणा कंपनीच्या गोदामात कशाला, आपल्याच घरात ठेवा ना. आता ही गोष्ट वकील माणसाच्या डोक्यातून आली म्हटल्यावर ती वापरणारा प्रत्येकजण काळ्या स्क्रीनवर कमांडा मारणारा नसणार हे उघड आहे, आणि पॅनल खरंच तसंच बनवलंय.

ब्राउझर उघडायचा, सर्व्हरचा पत्ता टाकायचा, पहिल्यांदा ब्राउझर लाल पाटी दाखवून घाबरवतो कारण सर्टिफिकेट सर्व्हरनेच स्वतःला दिलेलं असतं, घरच्या घरी असाल तर पुढे जा. मग अ‍ॅप निवडा, इन्स्टॉल दाबा, चहा ठेवून या. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर फोनमध्ये कुठलं अ‍ॅप घ्यायचं आणि राउटरवर कुठले पोर्ट (बाहेरून आत यायचे दरवाजे) उघडायचे हे तिथंच लिहिलेलं असतं. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्ससाठी रॅडिकेल चालू केलं, फोनवर ते सिंक करणारं डॅव्हएक्स-फाइव्ह (एफ-ड्रॉइड ह्या मुक्त अ‍ॅप्सच्या स्टोअरवर फुकट, प्ले स्टोअरवर पैसे), अर्ध्या तासात काम फत्ते. बायकोला वेगळा युजर, कुठली अ‍ॅप्स तिला वापरता येतील ते टिक मारून ठरवायचं. बिघाड शोधायला डायग्नॉस्टिक्सचं बटण आहे, बॅकअपही तिथूनच.

एक सांगून ठेवतो, आधीपासून वापरातल्या मशीनवर टाकत असाल तर मॅन्युअल वाचा. सेटअप झाल्यावर अ‍ॅडमिन नसलेल्या जुन्या युजरांना लॉगिन बंद होतं. सिक्युरिटीसाठी ठीकच आहे म्हणा, पण मी मॅन्युअल वाचलं नव्हतं आणि एक अख्खा रविवार गेला. चूक माझीच.

खरी गोची मात्र पॅनलच्या हातातली नाही. आमचा इंटरनेटवाला एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) बऱ्याच घरांत वाटतो, त्यामुळे राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी घरापर्यंत पोचतच नाही, मग लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, लाल पाटी घालवणारं खरं सर्टिफिकेटही नेहमीच्या पद्धतीने मिळत नाही. फोन करून विचारलं तर समोरच्याला पब्लिक आयपी म्हणजे काय तेच आधी समजावायला लागलं, आणि वर स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीचा वेगळा रेट. सध्या टॉर (ओळख लपवणारं नेटवर्क) चालू करून त्याच्या अनियन पत्त्यावरून पॅनल उघडतो, स्लो आहे पण उघडतं. फायली सिंक करणाऱ्या सिंकथिंगला काही फरक पडत नाही, ते रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) रस्ता काढतं, आईच्या फोनमधले फोटो गावाहून आपोआप येतात. कॅलेंडर घरी आल्यावर वायफायवर सिंक होतं, तेवढं चालतंय.

पॅनलमध्ये ईमेल सर्व्हरचंही अ‍ॅप आहे. त्याला मी हात लावला नाही, लावणारही नाही, घरच्या आयपीवरून गेलेला मेल बहुतेक वेळा स्पॅममध्येच पडतो.

पाचपैकी चार. कापलेला एक खरं तर इंटरनेटवाल्याच्या नावावर धरा.