मोठेपणी सायकल शिकताय? पहिली सायकल निवडण्याआधी

सायकल घ्यायला गेलं की बोलणं लगेच गिअर, डिस्क ब्रेक आणि शॉकॉपवर येतं. ज्याला सायकल येते त्याच्यासाठी ते ठीक आहे. ज्याला अजून तोलच सांभाळता येत नाही, त्याने आधी एकच गोष्ट बघावी: सीट पूर्ण खाली केल्यावर बसल्या जागी दोन्ही तळवे टाचांसकट जमिनीला टेकतात का? टेकत नसतील तर बाकी सगळं कितीही चांगलं असो, ती सायकल शिकण्यासाठी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. लहान मूल कमी उंचीवरून पडतं आणि उठून पुन्हा बसतं. मोठ्या माणसाचं वजन जास्त, पडण्याची उंची जास्त, आणि हात मोडला तर कामाचं काय ही काळजी वेगळी. भीती वाटली की खांदे ताठ होतात आणि हँडल घट्ट धरलं जातं. तोल मात्र हँडलच्या बारीक हालचालींवरच राहतो. सायकल डावीकडे कलली की हँडल डावीकडेच किंचित वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा शरीराखाली येतात. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, हँडल कलण्याच्या विरुद्ध दिशेला ओढतो आणि पडतो. पाय कधीही टेकवता येतात हा भरवसा असला, की हात आपोआप सैल होतात.

दोन उंची, एक सायकल

इथे एक पेच आहे. शिकताना सीट जितकी खाली हवी, तितकी ती नंतर चालवताना चालत नाही. आकडे घालून बघू. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये वरपर्यंत दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा हे पायाचं माप 75 सेमी आलं. पाय पूर्ण टेकायला सीटचा वरचा भाग जमिनीपासून साधारण 73 सेमीवर हवा. लांब पल्ल्याला गुडघे दुखू नयेत म्हणून मात्र पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. त्यासाठी वापरात असलेला हिशेब म्हणजे पायाचं माप गुणिले 0.883, आणि ही उंची मोजायची बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पॅडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेले असतात तिथून. ते आले 66 सेमी. बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून 28 सेमीवर धरलं तर सीट ढोबळ मानाने 94 सेमीवर.

म्हणजे 73 ते 94, तब्बल 21 सेमीचा फरक. निवांत, ताठ बसून चालवणाऱ्याला सीट थोडी खाली चालते, म्हणून त्याच्यासाठी हा फरक कमी होतो, पण 15 सेमीच्या खाली सहसा जात नाही. एकच सायकल शिकण्यासाठी आणि पुढे वापरण्यासाठी घ्यायची असेल, तर तिची सीट एवढी वरखाली होते का हे टेप लावून बघा. सीटपोस्टवर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्यावर, ‘मिनिमम’ची खूण असते, तिच्या वर पोस्ट काढायचा नाही. खाली नेतानाही अडथळे येतात: काही फ्रेममध्ये सीटची नळी मध्ये वाकलेली असते, काहींत आतून बाटलीच्या स्क्रूचे आटे आडवे येतात. पोस्ट नुसता लांब असेल तर मेकॅनिक तो कापून देतो, पण मग तीच सीट पुढे हवी तेवढी वर जाईल ना, हे कापण्याआधी मोजायचं.

वाकलेली फ्रेम की आडवी नळी

जिला सगळे लेडीज सायकल म्हणतात, ती वाकलेल्या फ्रेमची सायकल पुरुषांनीही शिकण्यासाठी बिनधास्त घ्यावी. तिच्यात पुढची आडवी नळी नसते किंवा खूप खाली असते. तोल गेला की सीटवरून पुढे घसरून दोन पायांवर उभं राहता येतं, मध्ये काहीच येत नाही. चढायला मागून टांग टाकावी लागत नाही. गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास असणाऱ्याला, साडी नेसणाऱ्या बाईला, वय झालेल्याला हाच एक मुद्दा पुरेसा आहे.

पण नळी खाली आहे म्हणून सीटही खाली येईलच असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची गल्लत होते. वाकलेल्या फ्रेमच्या कितीतरी सायकलींची सीटची नळी चांगली लांब असते. म्हणून टेप इथेही काढायचीच.

साधी, ताठ बसवणारी, मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरिअर असलेली स्टीलची सायकल जड असते, 18 ते 20 किलोपर्यंत सहज जाते. जिन्यावरून चढवायची असेल तर हे वजन जाणवतं. सपाट मैदानात मात्र ते आड येत नाही, आणि ताठ बसल्यामुळे नजर आपोआप दूर राहते. शिकणाऱ्याची नजर पुढच्या चाकावर खिळते आणि चाक तिकडेच भरकटतं, त्यामुळे हा फायदा छोटा नाही.

उंच आडव्या नळीची, 28 इंची चाकांची जुनी काळी सायकल घरात पडून असेल तर ‘आधी हिच्यावर शीक’ असं सांगणारे भेटतील. चालवायला ती सुंदर आहे, पण मोठेपणी शिकण्यासाठी ती नको. उतरताना पाय पोचण्याआधी नळी लागते.

सायकलचा इतिहासही याच बाजूने बोलतो. 1817 मध्ये कार्ल फॉन द्राइस याने जे यंत्र बनवलं त्याला पॅडलच नव्हती. बसायचं आणि पायाने जमीन ढकलत जायचं. पॅडल रुळली 1860 च्या दशकात. मग प्रचंड पुढच्या चाकाच्या सायकली आल्या, वेगवान पण पडलं तर तोंडावर पाडणाऱ्या. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीने दोन्ही चाकं जवळपास सारखी ठेवून मागचं चाक चेनने फिरवलं, आणि त्या घडणीला ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित सायकल हे नाव पडलं. बसणारा जमिनीजवळ आला हे त्या सुरक्षिततेचं मोठं कारण.

हायब्रिड आणि एमटीबी

सायकल यायला लागल्यावर रोज दहा-पंधरा किलोमीटर जायचा मनसुबा असेल तर हायब्रिड, म्हणजे रेसिंग सायकल आणि एमटीबी यांच्या मधली, ही उत्तम सायकल आहे. टायर 35 ते 45 मिमी रुंद, चाक मोठं (700 सी), वजन आटोक्यात. अडचण तीच: मोठ्या चाकांसाठी बेतलेल्या फ्रेममध्ये सीट फार खाली येत नाही, आणि हात पुढे असल्यामुळे अंग थोडं वाकतं. उंच माणसाला ती शिकण्यासाठीही चालून जाते. बुटक्या माणसाने हायब्रिडच घ्यायची तर सगळ्यात छोट्या मापाची, खाली उतरत्या नळीची बघावी.

एमटीबीकडे, म्हणजे माउंटन बाइककडे, नवशिके ओढले जातात कारण ती दणकट दिसते. रुंद टायरमुळे ती खडबडीत जागी स्थिर वाटते हे खरं. पण स्वस्तातल्या एमटीबीचा पुढचा शॉकॉप वजन वाढवतो, सपाट रस्त्यावर त्याचा काही उपयोग होत नाही, आणि खाचांचे टायर रस्त्याला घासत राहतात, त्यामुळे दर पॅडलमागे जोर जास्त लागतो. डोंगरातल्या पायवाटांवर जायचं नसेल तर मी सुचवणार नाही. घ्यायचीच असेल तर शॉकॉप नसलेली, 26 इंची चाकांची घ्या आणि टायर गुळगुळीत बसवून घ्या.

वळलेल्या हँडलची रेसिंग सायकल आणि फ्रीव्हील नसलेली फिक्सी या दोन्ही आत्ता नकोत. फिक्सीत चाक फिरतंय तोवर पॅडल फिरत राहतं, पाय थांबवता येत नाहीत.

फोल्डिंग: कमी लेखली जाणारी

20 इंची चाकांच्या फोल्डिंग सायकलीला हसणारे बरेच आहेत, पण शिकणाऱ्याच्या सोयीचं तिच्यात खूप आहे. फ्रेम खाली असते, सीटपोस्ट लांब असतो आणि बहुतेकींत पार खालपर्यंत जातो, शिवाय पाना न वापरता क्विक रिलीजने, म्हणजे हाताने उघडणाऱ्या खटक्याने, सीट वरखाली होते. वर काढलेला 21 सेमीचा फरक ती सहज पार करते. घरातले दोघे वेगवेगळ्या उंचीचे एकाच सायकलवर शिकू शकतात. मैदान घरापासून लांब असेल तर घडी घालून नेता येते.

उणी बाजू म्हणजे छोटं चाक हँडलच्या जराशा हालचालीने वळतं. सुरुवातीला सायकल थरथरल्यासारखी वाटते, आणि खड्ड्यात छोटं चाक जास्त आपटतं. या गोष्टी सरावाने निभतात. पाय न पोचण्याला मात्र सराव हे उत्तर नाही. म्हणून कमी उंचीच्या, घरात जागा कमी असलेल्या माणसाला मी हायब्रिडपेक्षा फोल्डिंग सांगेन. चालकाच्या वजनाची मर्यादा तेवढी वाचून घ्या, फोल्डिंगमध्ये ती बघणं जास्त गरजेचं.

तीनचाकी आणि बॅटरीवाली

तीनचाकीवर तोल शिकता येत नाही. ती वळताना कलत नाही, म्हणून शरीराला उलट सवय लागते. ज्याला तोलाचा कायमचा त्रास आहे त्याच्यासाठी ती शिकण्याची पायरी म्हणून नाही, तर कायमची सायकल म्हणून छान आहे. बॅटरीची सायकल नंतर जरूर घ्या. ती बऱ्याचदा 20 किलोच्या वर जाते आणि पॅडल मारायला लागताच मोटर पुढे ढकलते. सुरू करणं आणि थांबणं अंगवळणी पडलेलं नसताना तो धक्का नको.

गिअर, ब्रेक

एक गिअर पुरतो. चढाचा भाग असेल तर मागे सात गिअर भरपूर झाले. हब गिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या डबीत बंद असलेला, मिळाला तर उत्तम, तो उभ्या सायकलवरही बदलता येतो. नेहमीच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला, पॅडल फिरतं ठेवावं लागतं. ब्रेक रिमचे (चाकाच्या कडेला रबर दाबणारे) असोत की डिस्कचे, लिव्हर तुमच्या बोटांना सहज पोचते का ते बघा, लहान हातांसाठी ती जवळ घेता येते. उलट पॅडल मारून लागणारा ब्रेक टाळा: त्यात पॅडल मागे फिरवून सुरुवातीच्या जागी आणता येत नाही, आणि नवशिक्याला ते सतत करावं लागतं.

नवी, जुनी की मागून आणलेली

दोनतीन आठवड्यांसाठी कोणाची ठेंगणी सायकल मागून मिळत असेल तर तिच्यावर शिका आणि मग तुमच्या वापराला शोभेल अशी घ्या, तो 21 सेमीचा पेचच उरत नाही. तसं जमत नसेल तर चांगल्या स्थितीतली जुनी, वाकलेल्या फ्रेमची सायकल ही माझी पहिली पसंती. शिकताना ती आडवी पडणार, ओरखडे येणार. नव्या सायकलीला जपत शिकणारा उगाच अवघडतो.

जुनी घेताना चाक उचलून फिरवा आणि रिम डगमगत ब्रेकच्या रबराकडे जाते का बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी खटखट लागली तर तिथे ढिलेपणा आहे. टायरच्या कडेला भेगा असतील तर टायर बदलण्याचा खर्च धरा. नळ्यांच्या जोडांवर तडा दिसला तर सायकल सोडून द्या. गंजलेली चेन किंवा झिजलेले ब्रेक यांना घाबरू नका, ते सहज बदलतात.

घरी आणल्यावर पहिलं काम पॅडल काढण्याचं, म्हणजे द्राइसच्या यंत्रासारखं पायाने ढकलत आधी नुसता तोल शिकता येतो. बहुतेक सायकलींना 15 मिमीचा पाना लागतो. उजवं पॅडल नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सैल होतं. जोर लावण्याआधी हे लक्षात ठेवा, नाहीतर ते आणखी घट्ट बसतं. मग सीट खाली करून, हेल्मेट घालून, सपाट किंवा अगदी हलक्या उताराच्या मोकळ्या जागी पायाने ढकलत फिरा. दोन्ही पाय उचलून सायकल आरामात घसरत जायला लागली आणि हव्या त्या बाजूला वळवता आली की पॅडल परत लावा. सीट तेव्हा लगेच वर न्यायची नाही. सुरू करणं आणि थांबणं सहज जमू लागलं की एका वेळी एकदोन सेमी.