कॉल घेणाऱ्यांचा हेडसेट: तपकीर गल्लीत काय घ्यावं, काय सोडावं

“ताई, कोणतं वडगाव? शेरी, बुद्रुक, खुर्द की मावळ?” पुण्यात आपत्कालीन कॉल घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारावाच लागतो. शेरी नगर रस्त्याकडे, बुद्रुक आणि खुर्द सिंहगड रस्त्याकडे, मावळ थेट तळेगावच्या पुढे. गाडी कुठल्या दिशेला निघणार हे त्या एका शब्दावर ठरतं आणि तो शब्द कानात येतो हेडसेटमधून. खराडी आणि खराळवाडी, पिंपरी आणि पिंपळे, एकोणसाठ आणि एकोणसत्तर या जोड्याही तशाच. तरी खरेदीच्या वेळी खुर्ची, स्क्रीन, सॉफ्टवेअर यांवर बैठका होतात आणि हेडसेट मात्र “घ्या कुठलाही” म्हणून येतो.

हा आढावा रुग्णालयाचा ॲम्ब्युलन्स डेस्क, कारखान्यातली सुरक्षा कंट्रोल रूम, मोठ्या सोसायटीची हेल्पलाइन अशा ठिकाणी बसणाऱ्यांसाठी आहे. १०८ किंवा ११२ च्या केंद्रांत साहित्य वरून येतं, पण कानाला लागणारे नियम तेच. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, म्हणजे तपकीर गल्लीत, साधारण तीन जातींचा माल दिसतो: साधा यूएसबी हेडसेट, कॉल सेंटरचा क्यूडीवाला वायरचा हेडसेट, आणि ब्लूटूथवाला. आमचं मत आधीच सांगून टाकतो. दुसरा घ्या, पहिला स्पेअर म्हणून ठेवा, तिसरा गाणी ऐकायला छान आहे.

क्यूडी म्हणजे मधला झटपट सुटणारा जोड. वरचा भाग डोक्यावर, खालची वायर फोनला किंवा कॉम्प्युटरला. चहाला उठताना हेडसेट डोक्यावरून न काढता जोड सोडायचा, परत येऊन लावायचा. याचा खरा फायदा दुरुस्तीत दिसतो. वायर तुटते ती बहुतेक वेळा खालच्या भागात, कारण खुर्चीची चाकं तिच्यावरून जातात. क्यूडी असेल तर फक्त खालची वायर बदलायची. नसेल तर चांगला हेडसेट केराच्या टोपलीत. मात्र दोन कंपन्यांचे क्यूडी एकमेकांत बसतीलच असं नाही, दिसायला सारखे असले तरी. जुना वरचा भाग सोबत घेऊनच दुकानात जा.

खालची वायर डेस्क फोनला जोडायची असेल तर टोकाला छोटा चार पिनांचा आरजे-९ प्लग येतो. इथे हमखास फसगत होते. माइक आणि स्पीकर कोणत्या पिनांवर, हे फोनच्या कंपनीप्रमाणे बदलतं. प्लग घट्ट बसतो, पण समोरच्याला तुमचं ऐकू जात नाही, किंवा नुसती गुणगुण येते. हेडसेट बिघडलेला नसतो, वायर चुकीची असते. फोनचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्या आणि त्या मॉडेलची वायर मागा.

आता आवाज. दुकानदार ‘एचडी व्हॉइस’ म्हणून महागडा तुकडा पुढे करतो. मोबाइलवरून मोबाइलला बोलताना ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज येऊ शकतो हे खरं. पण कॉल जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवरून तुमच्या डेस्कला उतरत असेल, तर वाटेत तो ३०० ते ३,४०० हर्ट्‌झमध्ये कापला जातो. ‘स’ची धार याच्या वर असते, म्हणून ‘साठ’चा ‘आठ’ होतो. लाइनवर जे आलंच नाही ते हेडसेट कुठून देणार? तिथे उपाय कानाला नाही, तोंडाला आहे: आकडे सुटे करून परत म्हणून घ्यायचे. “पाच-नऊ, बरोबर का दादा?” तुमची यंत्रणा पूर्ण इंटरनेट फोनवर असेल आणि लाइन पुरवणाऱ्याने तसं सांगितलं असेल, तरच एचडीसाठी जास्त पैसे मोजा.

सगळ्यात मोठा घोळ ‘नॉइज कॅन्सलिंग’ या शब्दाचा. त्याचे तीन अर्थ आहेत आणि दुकानात तिन्ही एकाच नावाने विकले जातात. पहिला, माइकचा: शेजारच्या टेबलावरचं बोलणं कॉलरला ऐकू जाऊ नये म्हणून. हा हवाच. दुसरा, कानाचा: एसी-यूपीएसची घरघर कमी होते, माणसांच्या बोलण्यावर फारसा परिणाम होत नाही. याला पैसे देऊ नका. तिसरा, सॉफ्टवेअरचा: येणाऱ्या आवाजातली ‘फालतू’ खडखड पुसून टाकणारा. हा बंदच ठेवा. त्याच्या हिशोबी जी खडखड असते ती आपल्या कामाची माहिती असते. बेशुद्ध माणसाचा अडकत-अडकत येणारा श्वास, मागे रडणारं मूल, रेल्वेचा भोंगा, कोणी बोलत नसलेल्या कॉलमधली हाणामारी. हृदय बंद पडतानाची ती घरघर “श्वास चालू आहे” म्हणून सोडून दिली जाऊ नये, यासाठी कॉल घेणारा कान देऊन बसलेला असतो. ती फिल्टरने गिळली तर छातीवर दाब सुरू करायला सांगणं लांबतं.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरून आलेल्या कॉलला यातला एकही अर्थ उपयोगी पडत नाही. ढोल कॉलरच्या माइकमध्ये शिरलेला असतो. आवाज वाढवला की ढोलही वाढतो. उलट थोडा कमी करा आणि कॉलरला सांगा, “दादा, एखाद्या जिन्यात जा, फोनच्या खालच्या टोकापाशी हाताचा आडोसा करा.”

माइकची दांडी ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण दोन बोटं, थेट तोंडासमोर नाही; समोर धरली तर श्वासाचे फटके बसतात. नॉइज कॅन्सलिंग माइकला पुढे-मागे भोकं असतात. दांडी उलटी फिरली तर तुमचाच आवाज कापला जातो आणि “हॅलो, हॅलो” सुरू होतं. छातीवरचे दाब मोजून देताना, म्हणजे मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत एक-दोन-तीन-चार म्हणताना, हे फार महागात पडतं. दांडी वर केली की माइक बंद होतो असे हेडसेट मिळतात. ऑफिसच्या मीटिंगला ठीक, इथे नको. केस सावरताना दांडी वर जाते आणि कॉलर रिकाम्या लाइनशी बोलत राहतो. म्यूटचं वेगळं बटण आणि डोळ्याला दिसणारा लाल दिवा असलेलाच घ्या.

एक कान की दोन? जो कॉलही घेतो आणि वायरलेस सेटवरून गाडीही सोडतो, त्याला एका कानाचा. दुसरा कान सुपरवायझर आणि वायरलेस सेटसाठी मोकळा लागतो. फक्त कॉल घेणाऱ्याला, खोली गजबजलेली असेल तर, दोन कानांचा.

खोक्यावर ११८ डेसिबलची मर्यादा लिहिली आहे का ते पाहा. कॉलरची किंकाळी, फोन फरशीवर आपटणं, फॅक्सची शिट्टी कानात थेट घुसू नये म्हणून ती असते. पण ती अचानक येणाऱ्या धक्क्यासाठी. आठ तासांच्या पाळीत सरासरी ८५ डेसिबलच्या खाली राहायला हवं आणि ते तुमच्या व्हॉल्यूमच्या चकतीवर अवलंबून आहे. स्वतःचा आवाज आपल्या कानात थोडा येण्याची सोय, साइडटोन, चालू ठेवा. ती नसली की माणूस नकळत ओरडून बोलतो, शेजारचा त्याहून मोठ्याने, आणि तासाभरात खोलीची मंडई होते.

ब्लूटूथचं थोडक्यात: पाळी संपायच्या आत उतरणारी बॅटरी, शेजारच्या मोबाइलला परस्पर जोडलं जाणं, आणि माइक चालू होताच खालावणारा आवाज. यादी इथेच थांबवतो.

साध्या यूएसबीचं दुखणं बहुतेकदा कॉम्प्युटरमध्ये असतं. विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं आणि कॉलचा पहिला शब्द कापला जातो. तो शब्द नेमका जागेचं नाव असतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. प्लग पुढच्या सैल पोर्टमध्ये नको, मागच्या पोर्टमध्ये लावा. काढून परत लावल्यावर आवाज मॉनिटरच्या स्पीकरमधून येत असेल, तर साउंड सेटिंगमध्ये डिफॉल्ट डिव्हाइस आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस दोन्हीकडे हेडसेट निवडा. लोक एकच बदलतात.

कानाच्या गाद्या प्रत्येकाच्या स्वतंत्र, नावाची पट्टी लावून. तीन पाळ्यांना एकच गादी म्हणजे कानाच्या दुखण्याला आमंत्रण. नकली चामड्याची गादी एप्रिल-मेच्या घामात सोलते आणि स्पिरिटने पुसली तर आणखी लवकर तडकते. ती साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. स्पिरिट प्लॅस्टिकच्या दांडीला चालतं. फोमची गादी स्वस्त, हवा खेळती, पण पावसाळ्यात कुबट वास धरते. माइकवरची फोमची टोपी थुंकी आणि चहाने भरली की आवाज दबका होतो, आणि लोक लाइनला दोष देतात.

तपकीर गल्लीत गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, मंडई मेट्रो स्थानकावरून चालत जा. गल्लीतला गोंगाट हीच उत्तम चाचणी आहे. दुकानाच्या दारात उभं राहून लॅपटॉपवर “वडगाव शेरी, एकोणसत्तर, खराळवाडी” रेकॉर्ड करा आणि ऐका. मागचा टेम्पो ऐकू आला तर चालेल, तुमचा शब्द पुसट झाला तर नको. डोक्यावरच्या पट्टीत स्टीलची पाती आहे का ते वाकवून पाहा, वायर बाहेर पडते तिथलं रबर दोन बोटांनी ओढून पाहा. गाद्या, टोपी आणि खालची वायर सुटी मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा. “मागवून देतो” याचा अर्थ नाही असा घ्यायचा. बिल जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर लिहून. आणि पाच खुर्च्यांमागे एक तयार, तपासलेला स्पेअर, कपाटात कुलपात नको, सुपरवायझरच्या टेबलावर.