कूलर दुरुस्त, बोलणी फुकट

भुसावळात एप्रिलच्या दुपारी गल्लीतली कुत्री सांडपाण्याच्या चेंबरवर पोट टेकून पडतात. अशाच एका दुपारी आमचा कूलर गेला आणि त्याच्यापायी नानांचं दुरुस्तीचं दुकान सापडलं, त्या दुकानाचा हा अभिप्राय. आधी दोन दिवस नुसती गरम हवा टाकत होता. पंखा फिरायचा, पण पाणी काही बाजूच्या ताट्यांवर, म्हणजे पॅडवर, चढायचं नाही. तिसऱ्या दिवशी पंखाही जागच्या जागी हुं हुं करत बसला. बाहेर ४४ अंश, घरात पंच्याऐंशीच्या सासूबाई.

कूलर प्लास्टिकचा, ६० लिटरच्या टाकीचा, मधाच्या पोळ्यासारख्या हनीकोंब ताट्यांचा. त्याचा हा तिसराच उन्हाळा. कंपनीला फोन लावला, दोन दाबा, पाच दाबा, असं करत तक्रार नोंदवली. पाचव्या दिवशी एक मुलगा आला. झाकण न उघडताच त्याने निकाल दिला, ‘मोटर गेली, पंप गेला, पॅड गेले. हे मॉडेल बंद झालं मॅडम, पार्ट येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या.’ नवीन ९,८०० रुपयांना, जुन्याचे ५०० धरणार. आमचे हे लगेच तयार झाले. ज्या माणसाने लोको शेडमध्ये चौतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, तो घरातला कूलर भंगारात द्यायला निघाला. मी म्हटलं, रेल्वेने असं केलं असतं तर तुम्हाला पगार कशाचा मिळाला असता?

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, ‘कानबाईचा रोट अन् घरातली वस्तू, संपेस्तोर सोडायची नही.’ आमच्याकडे कानबाई देवीच्या उत्सवातले रोट घरातल्यांनीच खाऊन संपवायचे असतात, टाकायचे नसतात. चौथ्या दिवशी तो रोट दाताला काय लागतो ते खानदेशातल्या सुनांना विचारा. पण सासूबाईंना बोलायचा अधिकार आहे. १९९६ साली मामंजींनी पत्र्याचा कूलर करून घेतला होता. तो मोटर बदलून बदलून वीस वर्षं चालला. आता त्याचा सांगाडा गच्चीवर आहे आणि खालच्या ट्रेमध्ये सासूबाईंची कोथिंबीर येते.

तर मग आठवडे बाजाराकडच्या एका गल्लीतल्या नानांच्या दुकानात कूलर रिक्षात घालून नेला. रिक्षाचे ६० रुपये वेगळे. दुकानाला पाटी नाही. ओळख सांगायची तर बाहेर पंख्यांची पाती आंब्याच्या पानांच्या तोरणासारखी टांगलेली आहेत. आत मिक्सर, इस्त्र्या, गॅसच्या शेगड्या. एका काचेच्या बरणीत फक्त कुकरच्या शिट्ट्या, दुसरीत मिक्सरचे कपलर. नाना सत्तरीला टेकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आपला चष्मा काही त्यांनी दुरुस्त केलेला नाही, हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं.

काय बिघडलंय हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते, ‘ताई, पानी कोनतं टाकता?’

मला तर हे सांगायची हौसच होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी फार कडक. म्हटलं, नाना, एक थेंब वाया जाऊ देत नाही. आर.ओ. मशीनच्या नळीतून जे खराब पाणी बाहेर पडतं ना, ते बादलीत धरते आणि तेच कूलरमध्ये ओतते. टाकी रिकामी म्हणून करत नाही, कमी झालं की वरून भरते. मार्चपासून जूनपर्यंत. ही युक्ती मला मोबाईलवर आली होती आणि मी ती निदान पंधरा जणींना पुढे पाठवली होती.

नानांनी हातातला पाना खाली ठेवला. पोऱ्याला म्हणाले, ‘ऐक भो, या ताई काय सांगू राह्यल्या.’ मग माझ्याकडे वळून, ‘वरन आटलं की खारट लागतं का नही? तुमी आटलेल्या वरनात आजून मीठ टाकू राह्यल्या. पानी वाचवलं अन् कूलर मारला.’

दुकानात तेव्हा आणखी चार गिऱ्हाईकं होती. असो.

पण त्यांनी जे समजावलं ते एवढं सरळ होतं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याची लाज वाटली. कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. हवेत जातं ते निव्वळ पाणी, त्यातला क्षार टाकीतच राहतो. वरून नवीन पाणी घातलं की नवीन क्षार येतो आणि आधीचा असतोच. टाकी कधी ओतून दिलीच नाही तर महिनाभरात ते पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी खारं होतं. त्यात आर.ओ.च्या नळीतलं हे पाणी म्हणजे मूळच्या पाण्यातले क्षार गोळा करून बाहेर टाकलेलं पाणी. घरच्या मशीनमध्ये एक तांब्या प्यायच्या पाण्यामागे दोन-तीन तांबे असं पाणी बाहेर पडतं, ते फेकताना जीव तुटतो हे खरं. पण त्याची जागा कूलरमध्ये नाही. फरशी पुसा, संडासात ओता, ओटा धुवा, खरकट्या भांड्यांवर पहिला हात त्याचा फिरवा. कूलरला नळाचं साधं पाणी आणि आठ दिवसांतून एकदा टाकी पूर्ण रिकामी. हे ओतलेलं पाणीही तुळशीला किंवा कुंड्यांना घालायचं नाही, माती खारावते.

मग त्यांनी माझ्यादेखत कूलर खोलला. पंप उघडला तर आतला छोटा पंखा पांढऱ्या थरात रुतून बसलेला. मला म्हणाले, किराण्यातून लिंबूसत घेऊन या. मी २० रुपयांचं आणलं. कोमट पाण्यात ते टाकून पंपाचे सुटे भाग बुडवले तर सोडा घातल्यासारखं फसफसलं. तासाभरात थर सुटला आणि पंप सुरू. जो पंप ‘गेला’ होता तो! त्याला नवीन काहीही लागलं नाही.

मोटरचंही तसंच. आधी वीज बंद ठेवून पातं बोटाने फिरवलं, ते सैल फिरलं. म्हणजे बेअरिंग चांगलं. मग चालू करून लाकडी काडीने जरासा धक्का दिला तर पंखा पळायला लागला. ‘कंडेन्सर’, एवढंच म्हणाले. म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग. (हा काडीचा प्रयोग घरी करू नका. मला त्यांनी दोन हात लांब उभं केलं होतं.) कंडेन्सर ७० रुपयांचा. तीन ताट्यांपैकी दोन लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवून मोकळ्या झाल्या. तिसरीचा दगड झाला होता, ती हातातच तुटली. तिच्या जागी त्यांनी गवताची ताटी कापून बसवली, ९० रुपये. मजुरी १५०. एकूण ३१० रुपये. हिशोब जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिला, तेच बिल. कूलरला आता दोन बाजू पोळ्याच्या आणि एक गवताची. दिसायला विचित्र आहे, पण संध्याकाळी गवताचा ओला वास येतो आणि सासूबाईंना तीच बाजू आवडते.

टाकी ओतण्याचं मी आता असं बसवलं आहे. शनिवारी दुपारनंतर पाणी भरायचंच नाही. रात्री उशिरापर्यंत तळाशी पाच-सात लिटर उरतं, पंप कोरडा पडायच्या आत बंद करायचा आणि रविवारी सकाळी त्या पाण्यात ओटा आणि पायऱ्या धुऊन होतात. भरलेली टाकी नालीत सोडायची गरजच पडत नाही. त्या पंधराजणींनाही मी दुरुस्तीचा निरोप पाठवला. तिघींनी अंगठा दाखवला, एकीने विचारलं, मग आधी कशाला पाठवलं होतं?

त्यानंतर घरातलं एकेक करून सगळंच मी तिथे नेलं आहे. मिक्सर चटणी वाटताना मध्येच बंद पडला होता. नानांनी तो उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटन दाबलं आणि परत दिला. जास्त भार आला की ते बटन आपोआप बाहेर येतं. पैसे विचारले तर म्हणाले, ‘बटन दाबाचे काय पैशे घ्याचे?’ हेच बटन माझ्या जावेच्या मिक्सरचंही बाहेर आलं असणार, गेल्या दिवाळीत तिने तो देऊन नवीन आणला. कुकरची वाफ बाजूने जात होती, तर रबराची रिंग त्यांनी स्वतःची विकलीच नाही. ज्या कंपनीचा कुकर त्याच कंपनीची रिंग आणा, मी शिट्टी आणि सेफ्टी वॉल्व्ह बघून देतो, म्हणाले.

आणि सगळंच जोडत बसत नाहीत. पाणी तापवायचा रॉड नेला होता, जुना, बुडाकडे तडकलेला. तो त्यांनी हातात घेतला आणि पकडीने वायर कापून टाकली. माझ्यासमोर! मी ओरडलेच. म्हणाले, ‘हा घरात ठेवला तर कोनीतरी लावीन. माझ्या हातून एक मानूस मराले नको.’ त्या वायरचं तांबं त्यांनी भंगारात घातलं असेल, घालू देत.

मुलगा पुण्यात असतो, त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, आई, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राईट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलंय. वस्तू कशी दुरुस्त करायची, सुटे भाग कुठे मिळतील, ही माहिती कंपन्यांनी तिथे द्यायची. मी चष्मा लावून शोधलं, आमच्या कूलरवाल्यांचं नाव मला तिथे दिसलं नाही. नानांना सांगितलं तर म्हणाले, ‘माझ्याकडे पोर्टल नही, पोऱ्या आहे.’ पोऱ्या खरंच हुशार आहे. गॅसच्या बर्नरचा जेट त्याने पिनने साफ करून दिला आणि पिवळी ज्योत निळी झाली. भांडी काळी होत होती ती थांबली. तळ घासायला पाणी आणि पावडर किती जात होती, हे आता कळतंय.

आता तक्रारी, कारण पाच तारे मी देणार नाही.

‘उद्या या’ म्हणजे परवा नाही, चौथ्या दिवशी. एप्रिल-मे मध्ये तर कूलर फुटपाथपर्यंत रांगेत उभे असतात, तरी नाना कोणाला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणावं. माणूस निदान दुसरीकडे जाईल. फोन रात्री आठनंतरच उचलतात. पक्कं बिल नाही, गॅरंटी तोंडी. बदललेला जुना भाग आपण मागितला तरच देतात, म्हणून मागून घ्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस दुकान बंद. ऐन उन्हात! मिक्सर तिथे अडकला आणि मी पाट्यावर आंब्याच्या रसासाठी वेलची कुटत बसले. पण शटरवर खडूने लिहिलं होतं, ‘पोरी माहेरी आल्या आहे.’ आता यावर काय बोलणार, माझीही लेक त्याच दिवशी आली होती.

आणि बोलणी. नाना सगळ्यांसमोर बोलतात, शिकलेल्यांना जरा जास्त. ज्यांना सहन होत नसेल त्यांनी घरच्या माणसाला पाठवावं. आमचे हे एकदा गेले, दीड तास बसले आणि दोघं मिळून इंजिनाच्या मोटरच्या वायंडिंगवर बोलत राहिले. इस्त्री तशीच परत आली. पुन्हा मलाच जावं लागलं.

चार तारे. कूलरसाठी जायचं असेल तर फेब्रुवारीतच जा, होळीच्या आधी. सकाळी दहा ते बारा गर्दी कमी असते. कूलर नेण्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर रिक्षावाला आणि नाना दोघांचं ऐकावं लागेल. पंप वाजत असेल तर आधी घरीच लिंबूसत करून बघा.

मिक्सरचं भांडं न्यायचं असेल तर भांड्यावर आणि झाकणावर, दोन्हीवर, चिकटपट्टी लावून नाव लिहा. माझ्या पांढऱ्या मिक्सरला सध्या कोणाचं तरी हिरवं झाकण आहे. बसतं व्यवस्थित, पण आपलं नाही. ज्या कोणाकडे पांढरं गेलं असेल, कडेला जरासं तडकलेलं, ते माझं आहे. नानांकडे आणून ठेवा, मी हिरवं तिथेच ठेवते.