‘रेरा अप्लाइड’ आणि कडेला कापलेला सातबारा: माझे २२,२५,००० कसे गेले

लिहू की नको यात दोन महिने काढले. जावयाला अजून पूर्ण आकडा माहीत नाहीये. पण परवा आमच्याच ऑफिसातून रिटायर झालेल्या एकाचा फोन आला, म्हणे कोकणात प्लॉट बघतोय, तुम्ही घेतला होतात ना, कसा काय आहे? मला काय बोलावं सुचेना, नंतर करतो म्हणून फोन ठेवला. त्याला जे सांगायला हवं होतं ते इथं लिहितोय.

३१ मे २०२३ ला मी रिटायर झालो. पीएफ ३१,४०,०००, ग्रॅच्युइटी १२,६५,०००, रजेचे ४,१०,०००. ईपीएसची पेन्शन महिन्याला ३,७१२, त्यात काय येतं ते तुम्हीच बघा. या पैशातले ५१,००० बुकिंगला, मग ६,००,००० आणि ११,००,००० चेकने, आणि ४,७४,००० रोख असे मी स्वतःच्या हाताने दिले. एकूण २२,२५,०००. परत आले १,०१,५००. वजाबाकी मी रोज रात्री करतो, रोज तीच येते.

स्कीम कशी असते ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी ऐकलेलं आहे. निवृत्त लोकांची वसाहत, प्रत्येकी चार गुंठे, त्यावर छोटं कौलारू घर, सगळं मिळून २९,५०,०००. घर बांधून होईपर्यंत कंपनी तुम्हाला महिन्याला १४,५०० ‘भाडं’ देणार. ४४ प्लॉट, शेजारी सगळे आपल्याच वयाचे, संध्याकाळी गप्पा, भजन, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार.

आता लोक म्हणतात हाव नडली. हे मला फार लागतं. मी हावरा नाहीये हो! २४ टक्के देतो, पैसे दुप्पट करतो असं कोणी म्हणलं असतं तर मी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, असले दोन जण मी घालवून दिलेत. इथं १४,५०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १,७४,०००, बावीस लाखावर आठ टक्केसुद्धा पडत नाहीत. पोस्टात सीनियर सिटिझन स्कीमला तेव्हा ८.२ मिळत होते. म्हणजे हे पोस्टापेक्षा कमी देत होते, आणि नेमकं त्यामुळेच मला वाटलं की माणसं सरळ आहेत. एवढं कमी देणारा चोर कसा असेल? आमच्यासारख्या जपून चालणाऱ्या माणसासाठी जाळं कसं विणायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं. कमी परतावा म्हणजे सेफ, हे डोक्यातून काढून टाका.

पोस्टाची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून १५ लाखाची ३० लाख झाली होती, मी ३० लाख भरायचे ठरवून फॉर्मसुद्धा आणला होता. भरले १० लाख. उरलेल्या २० लाखाचे आज दर तीन महिन्याला ४१,००० खात्यात पडले असते. असो.

ज्याने मला नेलं तो माझ्याबरोबर एकोणीस वर्ष काम केलेला माणूस. त्याला माझ्यामागे ४०,००० मिळाले हे नंतर कळलं. त्याचेही १७ लाख अडकलेत, त्यामुळे धड शिव्याही घालता येत नाहीत.

जागा बघायला गेलो डिसेंबरात. नीट वाचा, डिसेंबरात. तेव्हा कोकण कोणालाही आवडतं. थंड हवा, लांबवर समुद्राची रेघ, विहिरीला पाणी. जागा सड्यावरची, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावरची होती, खाली सगळा जांभा दगड, पावसाचं पाणी थांबत नाही, तेच गाव एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघतं हे मला पुढच्या वर्षी गावातल्या माणसाकडून कळलं. हॉस्पिटल ३८ किलोमीटर, घाटाचा रस्ता. हिने तेव्हाच विचारलं होतं, अहो रात्री छातीत दुखलं तर? मी म्हणलं, शहरात तरी काय, ट्रॅफिकमध्येच जाऊ. स्वतःला हुशार समजून दिलेलं उत्तर. जिथं म्हातारपण काढायचंय तिथं आधी भाड्याने राहा, एक आख्खा पावसाळा आणि एक मे महिना. घर नंतर.

आता तो क्षण. इथं मला अजून घाम फुटतो.

आमच्या जेवणाच्या टेबलावर कंपनीच्या पोराने (वय तीस असेल, सारखं काका काका, काकूंच्या पाया पडला) सातबाऱ्याची झेरॉक्स ठेवली. सातबाऱ्यात एकदम उजवीकडे एक रकाना असतो, कुळ, खंड व इतर अधिकार. जमिनीवर कोणाच्या कर्जाचा बोजा आहे, कोर्टात दावा आहे, कुळ आहे, सगळी घाण तिथं लिहिलेली असते. आमच्या झेरॉक्सवर तो रकाना सुरू होत होता आणि कागद संपत होता. ओळींची पहिली अक्षरं दिसत होती फक्त, एका ठिकाणी ‘बो’, खाली ‘दा’. हिने कागद उचलला, शिलाईच्या कापडाची कड बघतात तशी बघितली आणि म्हणाली, "हा कडेला कापलाय का हो?" मी काय म्हणावं? "झेरॉक्स मशीनमध्ये होतं असं, तुला काय कळतंय त्यातलं."

मी ३२ वर्ष बिलं तपासली. कड कापलेलं व्हाउचर आलं की मी ते न वाचता परत पाठवायचो, लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे. आणि ‘बो’ म्हणजे बोजा हे मला कळलं नाही? कळलं असणार. मला कळून घ्यायचं नव्हतं.

सातबारा ऑनलाइन फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. पंधरा! तो समोरच्याने दिलेला बघायचा नाही, आपण काढायचा, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) पण बघायचे. नंतर मी काढला तेव्हा गावच्या सोसायटीचा बोजा आणि भावाभावांचा दावा, दोन्ही ठसठशीत.

हिने अजून एक विचारलं, रजिस्टर ऑफिसात का नाही जायचं? पोरगा म्हणाला, काका शेतकरी नाहीत ना, शेतजमीन त्यांच्या नावावर होत नाही, एनए (बिगरशेती) झालं की लगेच खरेदीखत, तोपर्यंत नोटरी. पहिला भाग खरा आहे, आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अर्धं खरं सांगून अर्धं खोटं खपवायची ही रीत. नोटरीच्या कागदाने जमीन तुमची होत नाही, तो कागद मी आता भेळेला वापरू शकतो.

आणि ब्रोशरवर छापलेलं ‘रेरा अप्लाइड’, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची जी सरकारी नोंदणी लागते तिच्यासाठी अर्ज केलाय. मी विचारलं तर म्हणे तुमचा प्लॉट ५०० मीटरच्या आत आहे, रेरा लागतच नाही. अरे लागत नाही तर अप्लाय कशाला केलंस? हा प्रश्न मला सुचला दहा महिन्यांनी, आंघोळ करताना. ५०० चौरस मीटर हे आख्ख्या प्रोजेक्टच्या जमिनीचं बघतात, एका प्लॉटचं नाही, इथं तर चार एकराच्या वर होती. रेराचा नोंदणी नंबर नसेल तर त्यांना जाहिरातसुद्धा करता येत नाही. शिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे तर आधी रजिस्टर्ड करार लागतो. म्हणजे कायद्याने ते माझ्याकडून २,९५,००० च्या वर एक रुपया मागू शकत नव्हते. मी दिले.

फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२४, सात महिने १४,५०० अगदी पाच तारखेला यायचे. त्या भरवशावर मी अजून दोघांना नंबर दिला. त्यांनी घेतलं नाही ही देवाची कृपा. सप्टेंबरला बंद. विचारलं तर ऑडिट चालूय, मग विधानसभेची आचारसंहिता, एनएच्या फायलीवर साहेब सह्या करत नाहीत. २३ नोव्हेंबरला निकालही लागले, यांची आचारसंहिता काही संपेना. जानेवारीत ऑफिसला गेलो तर शटर बंद, बाहेर माझ्याच वयाची चार माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात तीच हिरवी फाईल.

मग सुरू झाली दुसरी फसवणूक, ती सरकारी. इथल्या पोलिसांनी सांगितलं जमीन तिकडे आहे, तिकडे जा. पहाटेची एसटी पकडून तिकडे गेलो, तर म्हणे पैसे कुठं दिलेत, तिथं जा. नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती घ्यावी लागते, झिरो एफआयआर, मी पेपरातलं कात्रण नेलं होतं. हवालदार म्हणाला ते खून-बिन असेल तर. साहेबांनी कागद बघितले न बघितले, "सिव्हिल मॅटर आहे", आणि वर "काका, एवढे शिकलेले तुम्ही, वाचता येत नव्हतं का?" खुर्चीत बसा असंही म्हणाले नाहीत. ६२ वर्षाच्या माणसाने उभं राहून हे ऐकायचं. अर्ज घेतला पण आवक नंबर द्यायला तयार नाहीत, नुसता ‘प्राप्त’चा शिक्का. तीन खेपा घालून नंबर घेतला. अर्ज कुठंही द्या, नंबर घेतल्याशिवाय उठू नका, चहा देतील तरी उठू नका. वरच्या ऑफिसात सांगितलं एवढ्या कमी रकमेची तक्रार इथं घेत नाहीत, सगळे मिळून या. मिळून गेलो, अकरा जण, तर साहेब मीटिंगला. वकील म्हणतो दर महिन्याला पैसे द्यायचं कबूल करून ठेव घेतली, १९९९ चा ठेवीदारांचा कायदा लावा. पोलीस म्हणतात ठेव कुठंय, प्लॉट आहे. प्लॉट कुठंय विचारलं तर म्हणतात तेच ना, सिव्हिल. डोकं फुटायची वेळ येते.

रोख ४,७४,००० चं तर विचारूच नका. ‘डेव्हलपमेंट चार्जेस, रोखीत दिले तर जीएसटी वाचतो’. पावती वहीच्या पानावर, सही नुसती वेटोळं. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा वर रोख चालत नाही, म्हणजे ते दिले म्हणून सांगायचीही मला लाज.

मुलाबाळांना आधी सांगा. रागावतील, रागावू देत. मी सात महिने लपवलं, तेवढ्यात कंपनीवाल्यांनी आणखी नऊ लोक फसवले.

गेल्या आठवड्यात एक फोन आला. आवाज गोड, माझं नाव, प्लॉट नंबर, आकडा सगळं त्याला पाठ. "काका, तुमची अडकलेली रक्कम रिकव्हर होतेय, फाइल चार्ज १५,००० भरा फक्त." आणि मी, एवढं सगळं होऊन, मी पेन शोधायला उठलो खाते नंबर लिहून घ्यायला. हिने हातातून फोन घेतला आणि बंद केला. काही बोलली नाही.

कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात १८ ला आहे. फाईल आता तिच्या कपाटात असते.