गिअर मोटरच्या डिझाइनला पेटंट मिळेल का? फुकटातल्या चार शोधसाधनांची परीक्षा

नव्या गिअर मोटरचं ड्रॉइंग घेऊन पेटंट एजंटकडे गेलं की पहिलं कोटेशन येतं ते शोधाचं. ते पैसे कधी द्यावेत आणि कधी देऊच नयेत, हे ठरवण्याइतका शोध घरबसल्या फुकट घेता येतो. त्यासाठी चार साधनं आहेत: युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, गूगल पेटंट्स, वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोप आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास. चौघांची तुलना हवेत करण्यात अर्थ नाही, म्हणून एकच नमुना डिझाइन चौघांना लावून पाहू.

नमुना असा. 1.5 किलोवॉटची चार पोलची मोटर, 1440 आरपीएम, पुढे दोन टप्प्यांचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स, म्हणजे मधल्या सन गिअरभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर आणि त्यांच्याबाहेर आतून दात असलेला रिंग गिअर. सन गिअर 18 दात, प्लॅनेट 27, रिंग 72, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 2. एका टप्प्याचं गुणोत्तर 1 अधिक 72 भागिले 18, म्हणजे 5. दोन टप्प्यांचं 25. आउटपुटला 57.6 आरपीएम आणि टप्प्यामागे 97 टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे 234 न्यूटन-मीटर टॉर्क. 72 अधिक 18 ही बेरीज 3 ने भागली जाते, म्हणून तीन प्लॅनेट समान अंतरावर बसतात. चार बसवायला गेलात तर बसणार नाहीत.

डिझाइन करणाऱ्याच्या मते यात नवीन गोष्टी चार. पहिल्या टप्प्याचा सन गिअर थेट मोटरच्या शाफ्टवरच कापलेला, त्यामुळे कपलिंग आणि की-वे गेले. दोन्ही टप्प्यांना मिळून एकच लांब रिंग गिअर. मोटरची पुढची एंड-शील्ड हेच गिअरबॉक्सचं झाकण. आणि पहिल्या कॅरिअरच्या (प्लॅनेट धरून फिरणाऱ्या चकतीच्या) मोटरकडच्या तोंडावर सहा तिरप्या पाकळ्या, ज्या ऑइल सीलजवळचं तेल बाहेरच्या बाजूला फेकतात.

चौथ्या मुद्द्यामागचं दुखणं खरं आहे. मोटर खाली आणि गिअरबॉक्स वर, म्हणजे व्ही-3 पद्धतीने उभं बसवलं की तेलाचा अख्खा भार सीलवर उभा राहतो. सीलचा ओठ 1440 आरपीएमला घासतो, गरम होतो, कडक पडतो. ब्रीदर (हवा जाण्याचं छिद्र) धुळीने बुजला तर आतला दाब वाढतो आणि तेल वाइंडिंगमध्ये उतरतं. मोटर जळाली की दोष मात्र रिवाइंडिंगवाल्याला.

आता साधनांकडे. सर्वांत मोठी चूक शब्दांनी शोधण्याची. याच यंत्राला कोणी गिअर्ड मोटर म्हणतं, कोणी मोटर-रिड्यूसर, ड्राइव्ह युनिट, ॲक्च्युएटर, व्हील ड्राइव्ह, तर जर्मन अर्जात गेट्रीबेमोटोर. पेटंट लिहिणारे मुद्दाम गोल शब्द वापरतात, त्यामुळे गिअरला 'दातेरी घटक' म्हटलेलंही सापडेल. यावर उपाय म्हणजे वर्गीकरण, पेटंट कार्यालयं प्रत्येक विषयाला देतात ते वर्ग-क्रमांक. प्लॅनेटरी गिअर एफ16एच 1/28 मध्ये, एकापुढे एक लावलेले प्लॅनेटरी टप्पे एफ16एच 1/46 मध्ये, गिअरबॉक्सचं वंगण एफ16एच 57/04 मध्ये, गिअरबॉक्सचं सीलिंग एफ16एच 57/029 मध्ये, आणि मोटरशी जोडलेले गिअर एच02के 7/116 मध्ये.

इथे एस्पेसनेट बाकीच्यांच्या पुढे निघून जातं. 1/28 त्याच्या सगळ्या उपगटांसह मागता येतो, त्याला 7/116 ची अट लावता येते, आणि दोन्ही वर्तुळं जिथे छेदतात तेवढाच ढीग चाळायचा. ढिगातली चित्रं आधी पाहावीत. गिअरबॉक्सचा उभा छेद पाहायला पाच सेकंद पुरतात, दावे (नेमकं काय आपलं, हे सांगणारी पेटंटमधली कलमं) वाचायला पाच मिनिटं लागतात. जवळचं काही सापडलं की त्या दस्तऐवजाने कोणाचे दाखले दिलेत आणि पुढे त्याचे दाखले कोणी दिलेत, या दोन याद्या उघडायच्या. शब्दांतून कधीच न मिळालेली कागदपत्रं या साखळीत मिळतात. चिनी आणि जपानी मजकुराचं यांत्रिक भाषांतर तिथेच होतं. भाषा ओबडधोबड असते, पण चित्रातले क्रमांक जुळवायला पुरते. 5 पैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो शोधाच्या सूत्रांसाठी, नवख्याला ती जमायला एक संध्याकाळ जाते.

गूगल पेटंट्स वेगवान आहे आणि जुन्या अमेरिकी पेटंटांना हाताशी बरं. लोरेंझ ब्रारेनचं सायक्लॉइडल गिअरचं अमेरिकी पेटंट 1928 चं आहे, वॉल्टन मसरचं स्ट्रेन वेव्ह गिअरचं 1959 चं. दोन्ही तिथे पूर्ण वाचता येतात आणि वाचावीतच, कारण खरी झेप कशी दिसते ते त्यात कळतं. मसरने लवचीक वाटीवर बाहेरच्या रिंगपेक्षा दोन दात कमी ठेवले. वाटीवर 200 आणि रिंगवर 202 घेतले तर एकाच टप्प्यात 100 चं गुणोत्तर, तेही जवळजवळ बॅकलॅशशिवाय (दातांमधल्या ढिलाईशिवाय). गूगलचा धोका तारखांचा आहे. तारखेची गाळणी अग्रक्रमाच्या (पहिला अर्ज दाखल झाल्याच्या) तारखेवर लावलेली असते आणि आपण ती प्रकाशनाची समजून बसतो. तुमच्या नावीन्यावर घाला घालतो तो तुमच्या अर्जाच्या तारखेआधी प्रकाशित झालेला दस्तऐवज. शिवाय भारतात आधी दाखल झालेला पण नंतर प्रकाशित झालेला दुसऱ्याचा अर्जही त्याच्या दाव्यांपुरता आड येतो. साधन चांगलं, पण शेवटचा शब्द म्हणून नको. साडेतीन.

पेटंटस्कोपचं बलस्थान एकच, पण मोठं: पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य कराराखालच्या आंतरराष्ट्रीय, अर्जांसोबतचा आंतरराष्ट्रीय शोध अहवाल. त्यात दुसऱ्या तपासनिसाने तुमच्यासारख्याच डिझाइनसाठी आधीच घाम गाळलेला असतो. दाखल्यापुढे एक्स असेल तर तो एकटाच दाव्याला पुरून उरतो, वाय असेल तर दुसऱ्याशी जोडल्यावर, आणि ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी. आपल्या डिझाइनजवळचे दोन-तीन पीसीटी अर्ज शोधायचे आणि त्यांचे एक्स-वाय दाखले उचलायचे. एक शब्द अनेक भाषांत फिरवून शोधण्याची सोयही आहे, चिनी युटिलिटी मॉडेलसाठी (लहान सुधारणांना मिळणाऱ्या कमी मुदतीच्या हक्कासाठी) ती लागतेच. भारतात युटिलिटी मॉडेल हा प्रकारच नाही म्हणून आपल्याकडे ते कोणी पाहत नाही, आणि तपासनीस नेमकं तेच काढतो. चार.

इनपास शोधसाधन म्हणून अडखळतं. दर वेळी कॅप्चा भरा, दाखल्यांची साखळी नाही, जुनी तपशीलपत्रं (शोधाचं पूर्ण वर्णन) स्कॅन केलेली. नुसत्या शोधासाठी दोनच गुण. पण अर्जाची सद्यस्थिती उघडली की आत जे मिळतं ते इतरत्र सहज मिळत नाही: पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, आणि अर्जदाराने त्याला दिलेलं उत्तर. एफ16एच मधले चार-पाच भारतीय अर्ज निवडून हे अहवाल वाचले की तपासनिसाचा हात कुठे पडतो ते दिसतं. पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) खालचा 'यात शोधक पायरी नाही' हा आक्षेप नेहमीचाच. यंत्रांच्या जुळणीत त्याच्यामागोमाग येणारं कलम म्हणजे 3(एफ): ज्ञात साधनांची नुसती मांडणी, ज्यात प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम वेगवेगळं करतो, ती शोध नव्हे.

या आक्षेपांची धार समजायला सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 1978 चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल पुरेसा आहे. वस्तू गिअरबॉक्सच्या शेजारचीच: मिर्झापूरची भांडी लेथवर धरण्याचं साधन. न्यायालयाने ती वर्कशॉपमधली सुधारणा ठरवली आणि पेटंट रद्द केलं. चांगल्या फिटरला जे सुचलंच असतं, त्याला पेटंट नाही.

आता नमुन्याचा निकाल. शाफ्टवर कापलेला सन गिअर: गेला. पिनियन मोटरच्या शाफ्टवर असणं हीच गिअर मोटरची जुनी व्याख्या आहे, आणि अल्बर्ट ओबरमोझरचं मोटर आणि गिअर एकत्र बसवण्याचं जर्मन पेटंट 1928 चं. सामाईक रिंग: गेली. बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर खोलला तरी ती दिसते. शिवाय दुसऱ्या टप्प्यावर पाचपट टॉर्क येतो, म्हणजे रिंगची रुंदी दुसऱ्या टप्प्याच्या हिशेबाने घ्यावी लागते आणि पहिल्या टप्प्यात धातू फुकट जातो. एंड-शील्डचं झाकण: एच02के 7/116 मध्ये हेच भरून वाहतं, आणि कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगमधले छेद तर पेटंटांहून बोलके असतात. कॅटलॉगवर तारीख छापलेली नसेल तर इंटरनेट अर्काइव्हवरची प्रत तारखेसकट जपून ठेवावी. दातांचे आकडे तर दाव्यात घालूच नयेत, गुणोत्तर बदलणं हे डिझायनरचं रोजचं काम आहे. तिन्ही मुद्दे एकत्र केले तरी प्रत्येक आपलं जुनंच काम करतो, म्हणजे सरळ 3(एफ).

उरल्या पाकळ्या. गिअरच्या वर्गांत शोधलं तर हा मुद्दा तगून राहिल्यासारखा वाटतो, आणि इथेच बहुतेक शोध थांबतात. यंत्राच्या नावाने न शोधता कामाच्या नावाने शोधा: फिरत्या पाकळ्यांनी सीलवरचा द्रवाचा दाब कमी करणे. असं विचारलं की रस्ता पंपांकडे जातो. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या इंपेलरच्या पाठीवर ग्लँडचा (शाफ्टभोवतीच्या सीलच्या जागेचा) दाब उतरवणाऱ्या पाकळ्या असतात, किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात कोणत्याही पंप फिटरला विचारा. वर्ग एफ04डी 29/2266. केंद्रोत्सारी बलावर चालणारी सीलं एफ16जे 15/42 मध्ये. पाकळ्यांविरुद्ध वाय दाखला इथूनच येणार, आणि एस्पेसनेटवर हे दोन वर्ग न चाळता दिलेला अहवाल पैसे देऊन घेतलेला असला तरी अपुरा.

मग काहीच उरत नाही का? थोडं उरतं, आणि ते हिशेबातून सापडतं. पहिला कॅरिअर 288 आरपीएमने फिरतो. पाकळी 20 मिलिमीटर त्रिज्येपासून 60 पर्यंत धरली तर कागदावर सीलजवळचा दाब सुमारे 1.27 किलोपास्कलने उतरतो, म्हणजे 15 सेंटीमीटर उंचीच्या तेलाइतका. तेल कॅरिअरच्या निम्म्याच वेगाने फिरलं तर परिणाम एक चतुर्थांशावर येतो, 4 सेंटीमीटरच्या आत. आणि मोटर थांबली की शून्य: सीलवर पुन्हा पूर्ण भार. पंपाच्या पाकळ्यांनाही थांबल्यावर दुसरं सील लागतंच. त्यामुळे एंड-शील्डमध्ये असा एखादा खण असेल, जो चालताना पाकळ्यांनी रिकामा होतो आणि थांबल्यावर परतणारं तेल सीलच्या ओठापासून दूर अडवतो, तर पाकळी आणि खण एकमेकांवाचून निकामी ठरतात. 3(एफ) ला उत्तर म्हणजे हे परस्परावलंबन. दावा फक्त त्यावर लिहावा, बाकी तिन्ही गोष्टी 'ज्ञात आहे' म्हणून दाव्याच्या पूर्वार्धात टाकाव्यात. मात्र उभ्या शाफ्टच्या ॲजिटेटर (ढवळणी यंत्राच्या) गिअरबॉक्समध्ये शाफ्टभोवती तेलाच्या पातळीच्या वर जाणारी नळी लावून सील कोरडं ठेवण्याची पद्धत जुनी आहे. खणाचा आकार त्याहून वेगळा का, हे तपशीलपत्रात लिहावंच लागेल.

पुरावा म्हणून चाचणी हवी. एकाच तेलाचे, म्हणजे उदाहरणार्थ व्हीजी 220 (तेलाच्या घट्टपणाची श्रेणी) चे, दोन गिअरबॉक्स घ्या, एक पाकळ्या-खणासह, एक शिवाय. दोन्ही व्ही-3 मध्ये उभे करा आणि चालू-बंद चक्रं सारखी ठेवा. सीलच्या ओठाजवळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा आणि सीलखाली ठेवलेला शोषक कापड-पॅड ठरावीक तासांनी वजन करा. पाकळ्यांमुळे तेल घुसळलं जातं, म्हणून नो-लोड वॅटही मोजा. ते लपवू नका, तपासनीस विचारतोच. अर्ज दाखल होईपर्यंत हे यंत्र प्रदर्शनात मांडू नये आणि गिऱ्हाइकाला गोपनीयतेच्या कराराशिवाय दाखवू नये.

खर्च: व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्ज 1600 रुपये, परीक्षणाची विनंती 4000. इतरांना 8000 आणि 20000. 10 पेक्षा जास्त दावे किंवा 30 पेक्षा जास्त पानं झाली की वेगळे पैसे. आधी तात्पुरतं तपशीलपत्र दाखल करून पूर्ण तपशीलपत्रासाठी 12 महिने मिळतात, चाचणीला तेवढे पुरतात. परीक्षणाची विनंती 31 महिन्यांत करायची. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल कार्यालयाच्या कक्षेत येतात.

पैसे देऊन शोध करून घ्यायचाच असेल तर तो या टप्प्यावर, आणि फक्त पाकळी-खणाच्या दाव्यापुरता. अहवालात कोणते वर्ग चाळले, कोणत्या तारखेपर्यंत, आणि प्रत्येक दाखला दाव्याच्या कोणत्या घटकाला लागतो, हे तक्त्यात हवं. नुसते शब्द आणि पेटंट क्रमांकांची यादी आली तर परत पाठवा.