ट्रिमरचं छोटं राउटर टेबल: एक पावसाळा काढल्यानंतर

ट्रिमर म्हणजे चर मारणारं, कडा गोल करणारं हातातलं छोटं राउटर मशीन. तो टेबलातल्या प्लेटखाली उलटा टांगला की बिट, म्हणजे फिरणारं पातं, प्लेटच्या भोकातून वर येतं आणि जॉब, म्हणजे कामाचं लाकूड, त्यावरून सरकवायचं. अशा टेबलावर ड्रॉवरच्या तळासाठी ६ मिमी खोल चर मारायचा होता. पट्टीची दोन्ही टोकं बरोबर ६ मिमी आणि मधला भाग ५.७. पुढच्या पट्टीतही तेच. बिट घट्ट, त्याची दांडी धरणारी कॉलेट घट्ट, मोटर जागची हललेली नाही. दोष सापडला तो प्लेट जिथे बसते त्या चौकोनी खाचेच्या कडेला. जुलै-ऑगस्टच्या हवेत ती कड प्लेटच्या वर आली होती. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) लावल्यावर पायरी निघाली ०.३ मिमीची. लांब पट्टी दोन्ही कडांवर टेकून प्लेटवरून अधांतरी जाते, म्हणून मध्ये चर उथळ होतो. सुरुवातीला आणि शेवटी पट्टीचं टोक प्लेटवर उतरतं, तिथे तो पुरा खोल जातो. पुढे सरकणारं टोक डावीकडच्या कडेला अडखळतं, जॉब क्षणभर थांबतो आणि बिट तिथेच लाकूड जाळतं.

म्हणून या अनुभवात त्या कडेबद्दल जरा जास्तच येईल. फेन्स (जॉब टेकवायची उभी फळी), स्विच, धूळ यांवर लोक बरंच लिहितात, कडेवर कोणी लिहीत नाही. आणि अचूकता हवी असेल तर हे टेबल तिथेच पास किंवा नापास होतं.

रचना नेहमीचीच: ६०० × ४०० मिमीचा वरचा पाटा, त्यात २०० × २०० मिमीची प्लेट, प्लेटखाली ५३० वॅटचा ६ मिमी कॉलेटवाला ट्रिमर. खाली पाय नाहीत. १८ मिमी प्लायची, मागून आणि खालून उघडी पेटी वर्कबेंचला दोन क्लॅम्पने बांधायची आणि काम झालं की उचलून भिंतीशी उभी ठेवायची. दहा बाय बाराच्या गाळ्यात याहून मोठं टेबल ठेवण्यात अर्थ नाही.

पाटा १८ मिमी एमडीएफचा (लाकडाचा तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) होता, दोन्ही बाजूंनी १ मिमी मायका लावलेला. दोन्ही बाजूंनी मायका हवाच. एकाच बाजूला लावला तर उघडी बाजू ओल घेते, झाकलेली घेत नाही, आणि पाटा वाकतो. हे बहुतेक कारागिरांना ठाऊक असतं आणि इथे ते पाळलेलंही होतं. सहा फुटी पट्टी लावून पाहिली तर पाटा पावसाळ्यानंतरही सरळच आहे. पण मायका फक्त वरची-खालची तोंडं बंद करतो. खाच मारताना जी कच्ची कड उघडी पडते, ती हवेतली ओल थेट पिते, आणि एमडीएफ फुगतो तो जाडीत. त्यात दुसरं कारण मिसळलं. प्लेटची पातळी लावायचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) खाचेच्या ओठावर, म्हणजे प्लेटखालच्या आतल्या पायरीवर, टेकतात. ओठ ओलसर आणि मऊ झाला की स्क्रूची टोकं त्यात रुततात, म्हणजे कड वर जाते आणि प्लेट खाली. दोन्ही मिळून ते ०.३ मिमी.

आता दुरुस्ती. नवीन बांधणाऱ्यांनी हे आधीच करून टाकावं.

पाटा आयएस ७१० शिक्क्याच्या (मरीन) प्लायचा घ्या, किंवा एचडीएचएमआरचा, म्हणजे ओल सहन करणाऱ्या जड बोर्डाचा. एमडीएफ स्वस्त पडतो आणि सपाटही असतो, पण कोकण, मुंबई, ठाण्याच्या हवेत तो या कामाला नको. सोलापूर-नगरकडे कदाचित चालून जाईल. प्लाय निवडताना दुकानातच कडेने डोळा लावून बघा. तिथे वाकलेला प्लाय घरी आणून सरळ होत नाही.

खाचेचा ओठ १० मिमी रुंद, म्हणजे आरपार भोक १८० × १८० मिमीचं. प्लेट ६ मिमी जाडीची असेल तर खाच ७ मिमी खोल मारा. तो जादा १ मिमी ग्रब स्क्रूसाठी. प्लेटच्या जाडीएवढीच खोल खाच मारली तर पातळी लावायला जागाच उरत नाही, मग लोक खाली कागदाचे आणि मायक्याचे तुकडे भरत बसतात. खाच मारण्यासाठी प्लेटभोवती चार सरळ पट्ट्या दुतोंडी टेपने चिकटवा, प्लेट काढा आणि वर बेअरिंगवालं पॅटर्न बिट त्या पट्ट्यांना घासत फिरवा. कोपरे बिटाच्या त्रिज्येचे गोल येतात, तेव्हा प्लेटचे कोपरेही कानशीने तेवढेच गोल करा.

खाच झाली की लगेच, त्याच दिवशी, कच्च्या कडेला सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीचा पातळ हात मारा. पहिला हात कड पिऊन टाकेल. तो सुकला की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुसरा. ओठाचा वरचा भाग, उभी भिंत आणि आरपार भोकाची आतली कड, तिन्ही झाकली गेली पाहिजेत. फेविकॉलने हे काम होत नाही. साधा पांढरा गोंद स्वतःच ओल घेतो.

शेवटी दोन्ही बाजूंच्या वरच्या कडांना ०.५ मिमीचा तिरपा उतार द्या, मायक्याच्या कडेला आणि प्लेटच्या कडेलाही. चपटी कानस दोनदा फिरवली की होतो. कागदाएवढी पायरी राहिली तरी जॉब अडत नाही. या एका उताराने जेवढा फरक पडला, तेवढा बाकी कशानेच नाही.

प्लेटबाबत मात्र मत बदललं. सुरुवातीला ८ मिमी ॲक्रिलिक होतं: आरपार दिसतं, कापायला सोपं, स्वस्त. पहिले काही महिने काही तक्रार नव्हती. पण ट्रिमर दीड किलोच्या आसपासचा, चोवीस तास लटकलेला, त्यात सलग काम केलं की प्लेट तापते. ॲक्रिलिक अशा सततच्या भाराखाली हळूहळू बसतं आणि मशीन काढल्यावरही पुरतं सरळ होत नाही. शिवाय स्क्रू जरा जास्त आवळला की भोकापासून तडा जातो. ॲक्रिलिकच ठेवायचं तर काम संपल्यावर ट्रिमर प्लेटसकट काढून ठेवा. तेवढी शिस्त रोज जमणार नसेल तर ६ मिमी ॲल्युमिनियम घ्या. २०० मिमीचा चौकोन साधारण साडेसहाशे ग्रॅमचा होतो. भंगारवाल्याकडे किंवा धातूच्या दुकानात ऑफकट वजनावर मिळतो. घेण्याआधी पट्टी लावून तपासा, कारण शिअरवर (पत्रा कापायच्या मोठ्या कात्रीवर) कापलेल्या तुकड्याच्या कडा खाली वळलेल्या असतात. करवतीने कापलेला मागा. बॅकेलाइटची १० मिमी शीटही उत्तम, इलेक्ट्रिकच्या बाजारात मिळते. पण ती जाडी बिटाच्या उंचीतून वजा होते आणि छोट्या ट्रिमरला ते परवडत नाही.

ॲल्युमिनियमच्या प्लेटला चार कोपऱ्यांत आणि चार बाजूंच्या मध्यावर, कडेपासून ५ मिमी आत, ४.२ मिमीचं ड्रिल मारून एम ५ चा टॅप फिरवून आटे पाडा. आठ ग्रब स्क्रू वरूनच २.५ मिमीच्या एलन कीने फिरतात. एम ५ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिमी, म्हणजे पाव फेऱ्याला ०.२ मिमी. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. पायरीवर सरळ पट्टी ठेवून कागद खाली सरकतो का बघायचं आणि अर्ध्या-अर्ध्या पाव फेऱ्याने फिरवायचं. प्रत्येक स्क्रूखाली ओठावर स्टीलचा पातळ, त्या १ मिमी जागेत मावेल असा वॉशर इपॉक्सीने चिकटवा, म्हणजे टोक रुतणार नाही. वॉशरचं भोक स्क्रूच्या टोकाखाली येऊ देऊ नका. आधी चार कोपरे लावा, मधले चार नंतर नुसते टेकवा. आठही एकदम आवळायला गेलात तर प्लेटच पिळते. थरथराटाने स्क्रू सुटतात, म्हणून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. कायमस्वरूपी घट्ट करणारं लावलंत तर पुढच्या पावसाळ्यात पातळी लावता येणार नाही.

ॲल्युमिनियमची एक खोड: फिकट लाकडावर करडे ओरखडे उठतात. मेण चोळा, साध्या मेणबत्तीचं चालतं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको. त्याचा अंश जॉबवर राहिला की मेलामाइन किंवा पीयू पॉलिश तिथे धरत नाही, खड्डे पडतात.

पायरी सोडून उरलेल्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे स्विच. ट्रिमरचा स्वतःचा स्विच टेबलाखाली जातो, म्हणून तो चालू ठेवून बोर्डावरून मशीन चालवायची पद्धत पडते. वीज जाते, माणूस फेन्स सरकवायला किंवा बिटाभोवतीचा भुसा झाडायला हात घालतो आणि वीज परत येते. ३०,००० फेऱ्यांचं बिट बोटांमध्ये सुरू होतं. यावर शेतातल्या मोटरीला असतो तसा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर बसवा, हिरव्या-लाल बटणाचा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. २४० व्होल्टच्या कॉइलचा मागा, ४१५ चा सिंगल फेजवर ओढणार नाही. कपॅसिटर असलेला सबमर्सिबलचा पॅनेलही नको. ५३० वॅटचा ट्रिमर २.३ अँपिअरच्या आसपास घेतो, स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की बंद पाडणारी) त्या रेंजची हवी. रिले तीन पोलची असेल तर फेज तिन्ही पोलमधून एकामागून एक फिरवून घ्यायला वायरमनला सांगा, नाहीतर ती उगाच ट्रिप होत राहते. स्टार्टर वर्कबेंचच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याने लाल बटण दाबता येईल अशा उंचीवर. बिट बदलताना मात्र स्टार्टरवर विसंबू नका, प्लग काढा.

उंची बदलणं हा साध्या बेसच्या ट्रिमरचा खरा त्रास. उलटा टांगल्यावर पकड सैल केली की मोटर घसरून खाली येते. परदेशी राउटर लिफ्टची (मोटर वर-खाली करायच्या तयार यंत्रणेची) किंमत इथल्या ट्रिमरपेक्षा जास्त, तो विचार सोडा. मोटरखाली पेटीच्या आडव्या पट्टीत एम ६ चा टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) आणि त्यातून थ्रेडेड रॉड. पिच बरोबर १ मिमी, म्हणून एक फेरा एक मिमी, पाव फेरा पाव मिमी. हिशोब डोक्यात राहतो. रॉडच्या टोकावर मोटर टेकायला प्लायची कडी करा, ठोकळा नको. मोटर गार करणारी हवा शेपटाकडच्या जाळ्यांतून आत जाते, त्या झाकल्या तर मोटर तापते. शेवटचा फेरा नेहमी वर चढवतानाच द्या, मग पकड आवळा. खाली उतरवत माप लावलं तर आट्यातली ढिलाई त्यात शिल्लक राहते. रॅक-पिनियनचा (नॉब फिरवून उंची बदलणारा) बेस असलेला ७१० वॅटचा ट्रिमर घेणार असाल तर हा खटाटोप लागत नाही. शिवाय त्यात वेग १०,००० पर्यंत कमी करता येतो. नवीन घेणाऱ्याने तोच घ्यावा. हाताशी जुना असेल तर रॉड पुरतो.

ट्रिमरचा प्लास्टिकचा तळ काढून थेट प्लेटला बसवा, बिटाला तेवढी उंची जास्त मिळते. प्लेटची भोकं त्याच तळाचा साचा धरून पाडायची, स्क्रूची डोकी प्लेटच्या आत बुडाली पाहिजेत. उंची कमी पडते म्हणून बिट कॉलेटबाहेर ओढून चालवू नका. दांडी आत पूर्ण ढकला, मग २-३ मिमी मागे घ्या आणि आवळा. बाजारात लाल पेटीत मिळणारे बिटांचे सेट बहुतेक ६.३५ मिमी दांडीचे असतात. ते ६ मिमी कॉलेटमध्ये ठोकून बसवले की कॉलेट कायमची फाकते. सेट घेण्याआधी कॉलेट बघा.

फेन्सला टी-ट्रॅक (सरकते बोल्ट धरणारी खाचेची पट्टी), स्केल काहीही लावू नका. १८ मिमी प्लायचा एल, ९० मिमी उंच, मागे चार त्रिकोणी आधार, गुण्यात. एक टोक एम ८ बोल्टवर फिरतं, दुसरं जी-क्लॅम्पने धरायचं. बिट गोल असल्याने फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असायची गरजच नाही. बिट मध्यावर असेल तर मोकळं टोक २ मिमी सरकवल्यावर बिटाजवळ १ मिमीचा फरक पडतो, म्हणजे बारीक माप आपोआप मिळतं. फेन्सच्या डाव्या अर्ध्या भागावर १ मिमी मायका चिकटवून तो बिटाच्या धारेशी रेषेत लावला की प्लायची आणि सागाची कड रंधा मारल्यासारखी सरळ निघते.

जॉब उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याविरुद्ध ढकलायचा. बिट आणि फेन्स यांच्यामधल्या फटीतून जॉब कधीही नेऊ नका, तो हातातून सुटून जातो. ५३० वॅटला ६ मिमी बिटाने एका वेळी ३ मिमी खोली पुरे. सागात तेवढं आरामात जातं, बाभळीत दोनवर या.

धुळीसाठी फेन्सच्या मागे ५० मिमी पाइप आणि व्हॅक्युम. कडेच्या कामात भुसा त्यात जातो. चर मारताना मात्र तो चरातच दाबला जातो किंवा खाली पडतो, त्यावर या रचनेत उपाय नाही. म्हणूनच पेटी खालून उघडी. बंद पेटीत मोटर स्वतःचीच धूळ पुन्हा ओढते आणि कार्बन ब्रश लवकर जातात. मास्क लावाच, विशेषतः एमडीएफला.

मोठ्या मोल्डिंगला आणि दाराच्या पॅनेलला हे टेबल नाही. २५ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाचं बिट वेग कमी न होणाऱ्या ट्रिमरवर चढवू नका. त्याला १२ मिमी कॉलेटचं मशीन आणि जाड प्लेट लागते. ड्रॉवरचे चर, मायक्याच्या कडा, छोट्या चौकटींच्या खाचा आणि गोलवा एवढ्याला हे पुरेसं आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतर आणि दिवाळीच्या आधी पायरीवर कागद सरकवून बघा. आठ स्क्रू, दहा मिनिटं.